‘असाध्य’ या शब्दाला नकार : डॉ. डोनाल्ड पिंकेल यांचे कार्य

इसवी सन १९६२ च्या सुमारास अमेरिकेसारख्या संपन्न देशातही रक्ताचा कर्करोग झालेल्या शंभर मुलांपैकी जेमतेम चार मुले वाचत असत. आज तेथील चांगल्या रुग्णालयांत त्याच रोगाची नव्वदहून अधिक मुले बरी होऊन शाळेत जातात, मोठी होतात, संसार करतात. साठ वर्षांच्या आत घडलेले हे परिवर्तन वैद्यकशास्त्राच्या इतिहासातील अत्यंत मोलाचे प्रकरण आहे. त्यात अनेकांचा वाटा आहे. परंतु ‘हा रोग पूर्ण बरा करता येईल’ असे उघडपणे म्हणण्याचे आणि ते सिद्ध करून दाखविण्याचे धैर्य ज्यांनी प्रथम दाखविले, त्यांत डॉ. डोनाल्ड पिंकेल यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. आपल्या समाजातील पालकांना हे नाव फारसे परिचित नाही. म्हणून त्यांच्या कार्याचा परिचय या स्मरणिकेच्या निमित्ताने करून देत आहे. मी इतिहासाचा शिक्षक आहे, वैद्य नव्हे. त्यामुळे येथील विवेचन हे एका शोधाच्या इतिहासाचे आहे, उपचाराचा सल्ला नव्हे.

रोगाचे स्वरूप

मुलांमध्ये आढळणाऱ्या कर्करोगांत रक्ताच्या कर्करोगाचे, म्हणजे ल्युकेमियाचे, प्रमाण सर्वाधिक असते. आणि त्यातही ‘तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया’ हा प्रकार मुख्य होय. आपले रक्त हाडांच्या पोकळीतील मज्जेत तयार होते. या रोगात तेथील काही अपरिपक्व पांढऱ्या पेशी बेसुमार वाढू लागतात आणि मज्जेतील जागा व्यापून टाकतात. परिणामी तांबड्या पेशी कमी होऊन मूल फिकट पडते, थकते. रक्त गोठविणाऱ्या बिंबिका घटल्यामुळे अंगावर निळसर डाग उठतात, हिरड्यांतून वा नाकातून रक्त येते. रोगाशी झुंजणाऱ्या निरोगी पांढऱ्या पेशी उरत नाहीत, म्हणून ताप हटत नाही. उपचार न मिळाल्यास असे मूल काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावते.

हा रोग संसर्गजन्य नाही. आईवडिलांच्या कोणत्याही कृत्याचे ते फळ नव्हे. करणी, नजर, पूर्वसंचित यांच्याशी त्याचा काडीमात्र संबंध नाही. दुःखाला कारण असते आणि कारण कळले म्हणजे दुःखाच्या निवारणाचा मार्ग शोधता येतो, ही शिकवण ज्यांनी स्वीकारली आहे, त्यांना हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नसावी. तरीही ते सांगावे लागते, हा अनुभव आहे.

मुंबईच्या गिरणगावातून निघालेला धागा

पिंकेल यांच्या कार्याकडे वळण्यापूर्वी त्याची एक पूर्वपीठिका पाहिली पाहिजे, कारण तिचा आरंभ आपल्या मुंबईत आहे. ल्यूसी विल्स या इंग्रज स्त्री-वैद्य १९२८ साली मुंबईत आल्या. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांमध्ये एक गंभीर स्वरूपाचा रक्तक्षय आढळत होता. त्याचे कारण शोधण्याचे काम त्यांच्याकडे होते. यीस्टपासून बनणाऱ्या ‘मार्माइट’ या स्वस्त पदार्थाने तो रक्तक्षय बरा होतो, असे त्यांनी दाखवून दिले. त्या पदार्थातील जो घटक गुणकारी ठरला, तो पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. याच १९२८ साली जुलै महिन्यात मुंबई कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कामगार स्त्रियांना प्रसूतिकाळात लाभ देणाऱ्या विधेयकाच्या बाजूने भाषण केले होते. एकाच शहरात, एकाच वर्षी, एकाच वर्गातील स्त्रियांच्या जीविताची चिंता एक प्रयोगशाळेत वाहत होती, तर दुसरे कायदेमंडळात. इतिहासाच्या अभ्यासकाने हा योग नोंदवून ठेवावा असा आहे.

शरीरात नव्या पेशी घडविण्यासाठी फॉलिक आम्ल लागते. आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले आणि अमेरिकेत लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत संशोधनाचे प्रमुख असलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या पथकाने हे आम्ल कृत्रिमरीत्या तयार केले. तसेच त्याच्याशी साम्य असलेली, परंतु त्याच्या कार्यात अडथळा आणणारी द्रव्येही घडविली. कर्करोगाच्या पेशी झपाट्याने वाढत असल्याने त्यांना फॉलिक आम्लाची भूक मोठी असते. त्यांना खरे अन्न न देता अन्नासारखे भासणारे द्रव्य दिले, तर त्यांची वाढ खुंटेल, असा हा विचार होता. बोस्टन येथील डॉ. सिडनी फार्बर यांनी असे एक द्रव्य, अमिनॉप्टेरिन, ल्युकेमियाच्या मुलांना दिले. जून १९४८ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. सोळा मुलांपैकी दहा मुलांत सुधारणा दिसली होती. परंतु ती सुधारणा तात्पुरती ठरली. काही महिन्यांनी रोग परतत असे आणि मग औषध चालत नसे.

पुढील दहा-बारा वर्षे हेच घडत राहिले. गर्ट्रूड इलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी मर्कॅप्टोप्युरिन हे औषध शोधले. आपल्या अंगणात फुलणाऱ्या सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टीन हे औषध मिळाले. स्टेरॉइड औषधांचा उपयोग कळला. प्रत्येक औषधाने आयुष्याचे काही महिने वाढत. मूल मात्र शेवटी हातचे जाई. म्हणून बहुसंख्य डॉक्टरांनी असे ठरविले होते की, अशा मुलाला फार त्रास देऊ नये, एक औषध संपले की दुसरे द्यावे आणि जितके दिवस मिळतील तितके मिळवावेत. यामागे करुणा होती. पण तिच्या आड एक पराभवही स्वीकारलेला होता.

पिंकेल यांची घडण

डोनाल्ड पिंकेल यांचा जन्म १९२६ साली न्यूयॉर्क राज्यातील बफेलो या शहरात झाला. तेथेच त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले आणि १९५१ साली ते डॉक्टर झाले. बालरोग हा त्यांचा विषय. १९५४ साली सैन्याच्या वैद्यकीय सेवेत असताना त्यांना पोलिओ झाला. तरुण वयात, हाती वैद्यकीय पदवी असताना, अंगातील बळ गेलेल्या रुग्णाच्या भूमिकेत त्यांना कित्येक महिने काढावे लागले. हळूहळू सावरल्यावर त्यांनी बोस्टनला डॉ. फार्बर यांच्याकडे काम केले आणि १९५६ मध्ये ते बफेलोच्या रॉसवेल पार्क या कर्करोग संस्थेत बालरोग विभागाचे पहिले प्रमुख झाले. मुलांच्या ल्युकेमियाचे कठोर वास्तव तेथे त्यांनी दररोज पाहिले. १९६१ साली, वयाची पस्तिशीही नीट उलटली नसताना, टेनेसी राज्यातील मेम्फिस येथे उभारल्या जात असलेल्या एका नव्या रुग्णालयाचे वैद्यकीय संचालकपद त्यांनी स्वीकारले.

मेम्फिसचे रुग्णालय

या रुग्णालयाची कथा आपल्यासारख्या लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या संस्थेच्या वाचकांना विशेष जवळची वाटेल. लेबनॉनमधून अमेरिकेत आलेल्या गरीब कुटुंबात वाढलेला डॅनी थॉमस हा पुढे प्रसिद्ध विनोदी नट झाला. आजारी मुलांसाठी काही तरी उभारण्याचा त्याचा संकल्प होता. त्यासाठी त्याने १९५७ साली अरब वंशाच्या अमेरिकन नागरिकांची संघटना उभी केली आणि त्या स्थलांतरित समाजाने आपल्याला आश्रय देणाऱ्या देशाचे ऋण म्हणून निधी गोळा केला. इमारतीचा आराखडा पॉल विल्यम्स या नामवंत कृष्णवर्णीय वास्तुशिल्पकाराने विनामूल्य करून दिला. ४ फेब्रुवारी १९६२ रोजी सेंट ज्यूड बालसंशोधन रुग्णालयाचे उद्घाटन झाले.

त्या काळचे मेम्फिस हे वर्णभेदाचे शहर होते. शाळा वेगळ्या, उपाहारगृहे वेगळी, रुग्णालयातील खाटाही वेगळ्या. अशा शहरात या रुग्णालयाने काही गोष्टी पहिल्या दिवसापासून ठरवून टाकल्या. मूल कोणत्याही वर्णाचे असो, त्याला एकाच दाराने प्रवेश, एकाच कक्षात खाट आणि एकच उपचार मिळेल. कोणत्याही कुटुंबाकडून उपचारांचे पैसे घेतले जाणार नाहीत. डॉक्टर, परिचारिका आणि कर्मचारी यांच्या नेमणुकीतही वर्ण पाहिला जाणार नाही. कृष्णवर्णीयांमध्ये प्रामुख्याने आढळणारा सिकलसेल हा रक्ताचा आजार, ज्याची झळ आपल्या विदर्भातील बौद्ध आणि आदिवासी कुटुंबांनाही मोठ्या प्रमाणात बसते, तोही येथे संशोधनाचा विषय झाला. जो समाज दुर्लक्षित असतो, त्याचे आजारही दुर्लक्षित राहतात, ही रीत येथे मोडली गेली.

ही समता कागदावर ठेवून भागणारी नव्हती. बाहेरगावच्या कुटुंबांच्या मुक्कामासाठी शहरातील हॉटेलांवर अवलंबून राहावे लागे आणि तेथे कृष्णवर्णीय कुटुंबांना समान वागणूक मिळत नसे. सर्वांना सारखे वागविणार नसाल तर आमची कुटुंबे तुमच्याकडे येणार नाहीत, ही भूमिका रुग्णालयाला घ्यावी लागली. याच मेम्फिसमध्ये १९६८ च्या फेब्रुवारीत कृष्णवर्णीय सफाई कामगारांनी ‘मी माणूस आहे’ असे फलक हाती घेऊन संप केला. त्यांना पाठिंबा देण्यास आलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिल १९६८ रोजी तेथेच हत्या झाली. ज्या महिन्यांत रस्त्यावर हा संघर्ष चालू होता, त्याच महिन्यांत त्याच शहरातील एका रुग्णालयात ल्युकेमियावरचा निर्णायक प्रयोग चालू होता. या दोन घटनांचा परस्परांशी थेट संबंध नाही. परंतु माणसाची किंमत कशावर ठरते, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी होता.

‘संपूर्ण उपचार’ ही कल्पना

पिंकेल यांनी प्रश्नाची मांडणीच बदलली. मुलाचे आयुष्य किती महिने वाढविता येईल, हे विचारण्याऐवजी रोग समूळ नाहीसा करण्याच्या वाटेत नेमके कोणते अडथळे आहेत, हे त्यांनी विचारले. तीन अडथळे त्यांना स्पष्ट दिसले. पहिला असा की, एकेका औषधाला कर्कपेशी सरावतात. क्षयरोगातही हेच दिसले होते आणि म्हणून त्यावर अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत आली होती. दुसरा असा की, औषधाने रोग दिसेनासा झाला तरी शरीरात असंख्य कर्कपेशी दडून राहिलेल्या असतात. तिसरा अडथळा सर्वांत चकविणारा होता. रक्तातून दिलेली औषधे मेंदू व मज्जारज्जू यांच्या आवरणात पुरेशी पोहोचत नाहीत. तेथे आश्रय घेतलेल्या पेशी सुरक्षित राहत आणि मूल बरे झाले असे वाटत असतानाच डोके दुखणे, उलट्या अशा लक्षणांनी रोग पुन्हा प्रकट होई.

या तिन्हींवर एकाच आराखड्यात मात करण्याच्या पद्धतीला त्यांनी ‘संपूर्ण उपचार’ असे नाव दिले. तिचे चार टप्पे होते. प्रथम व्हिन्क्रिस्टीन आणि स्टेरॉइड देऊन रोग ओसरवायचा. नंतर अधिक तीव्र औषधांनी उरलेल्या पेशींवर आघात करायचा. तिसऱ्या टप्प्यात, मेंदूत रोगाचे कोणतेही चिन्ह नसतानाच, डोक्याला किरणोत्सर्ग आणि पाठीच्या कण्यातून मेथोट्रेक्सेट देऊन ते आश्रयस्थान आधीच मोकळे करायचे. शेवटी दोन-तीन वर्षे अनेक औषधे नियमितपणे चालू ठेवायची.

हे एका झटक्यात साधले नाही. १९६२ पासून एकामागून एक अभ्यास झाले. सुरुवातीच्या अभ्यासांत दिलेली किरणोत्सर्गाची मात्रा मेंदूतील रोग रोखण्यास अपुरी ठरली. चौथ्या अभ्यासात औषधांची पूर्ण मात्रा आणि निम्मी मात्रा यांची तुलना करून पूर्ण मात्रेचा लाभ पडताळण्यात आला. रोग ओसरला असताना संसर्गाने काही मुले दगावली, हे दुःखही पचवावे लागले. अशा उपचारांनी मुलांना निष्कारण यातना होतात, अशी टीका समव्यवसायी करीत होते आणि ती टीका वावगी म्हणता येत नाही. कारण यश मिळेपर्यंत तिला उत्तर देणे शक्य नव्हते. प्रत्येक अपयशाची नोंद ठेवायची, त्यातून पुढील आराखडा दुरुस्त करायचा, हीच पिंकेल यांची रीत होती.

१९६७ च्या अखेरीस पाचवा अभ्यास सुरू झाला. त्यात पस्तीस मुले होती. वर्षे लोटली तसे लक्षात आले की, मेंदूत रोग परतण्याचे प्रमाण एकदम घटले आहे. उपचार थांबविल्यानंतरही सुमारे निम्मी मुले रोगमुक्त राहिली. चाराच्या जागी पन्नास! ज्या रोगाच्या बाबतीत ‘बरा झाला’ हा शब्द उच्चारण्यास डॉक्टर धजावत नसत, त्या रोगासाठी तो शब्द आता आधारासह वापरता येऊ लागला. इतर देशांतील रुग्णालयांनी ही पद्धत पडताळून पाहिली आणि स्वीकारली. १९७२ साली ज्या संशोधकांना कर्करोगावरील संयुक्त औषधोपचारासाठी लास्कर पुरस्कार मिळाला, त्यांत पिंकेल होते.

अन्न हेही औषध

पिंकेल यांचे लक्ष केवळ रोगापुरते मर्यादित नव्हते. मेम्फिसच्या गरीब वस्त्यांतील कृष्णवर्णीय मुले कुपोषित आहेत, हे त्यांच्या ध्यानी आले. उपाशी शरीरावर प्रखर औषधे चालत नाहीत, आणि कर्करोग नसलेले मूलही उपासमारीने खंगते. रुग्णालयाने वस्तीतील एका लोकसंघटनेच्या सहकार्याने गरोदर माता व लहान मुलांसाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पोषक अन्न देण्याची योजना चालविली. डॉक्टरने औषधाच्या कागदावर दूध आणि आहार लिहून द्यावा, ही कल्पना त्या काळी अनेकांना विचित्र वाटली असेल. मात्र १९७२ साली अमेरिकी शासनाने माता-बालकांच्या पोषणाची जी राष्ट्रीय योजना आखली, तिच्यामागे या अनुभवाचाही आधार होता.

नंतरचा प्रवास

१९७३ साली पिंकेल यांनी मेम्फिस सोडले. पुढे मिल्वॉकी, कॅलिफोर्निया, ह्यूस्टन अशा ठिकाणी त्यांनी मुलांच्या कर्करोगाचे काम चालू ठेवले, विद्यार्थी घडविले, आणि उतारवयातही ते महाविद्यालयात शिकवीत राहिले. ९ मार्च २०२२ रोजी वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पद्धतीतील दोषही पुढे उघड झाले. डोक्याला दिलेल्या किरणोत्सर्गामुळे काही मुलांच्या शिकण्याच्या क्षमतेवर आणि वाढीवर परिणाम झाला. काहींना पुढे दुसरे कर्करोग झाले. नंतरच्या संशोधकांनी हा दोष गंभीरपणे घेतला. त्याच रुग्णालयात २००० ते २००७ या काळात झालेल्या पंधराव्या अभ्यासात डॉ. चिंग-हॉन पुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणोत्सर्ग पूर्णपणे वगळला आणि तरीही पाच वर्षांनंतर जिवंत असलेल्या मुलांचे प्रमाण ९३.५ टक्के राहिले. विज्ञानात गुरूचे वाक्य अंतिम नसते. गुरूच्या पद्धतीतील उणीव दूर करणारा शिष्यच गुरूचे कार्य पुढे नेतो.

आपल्या देशात

मुंबईतील टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८०च्या दशकात डॉ. सुरेश अडवाणी आणि अमेरिकेतील डॉ. इयान मॅग्राथ यांच्या सहकार्याने भारतीय परिस्थितीला झेपेल असा एक उपचार आराखडा तयार झाला. मुंबई, चेन्नई आणि दिल्ली येथे तो वापरण्यात आला. पूर्वी वीस टक्क्यांहून कमी असलेले यश त्यामुळे पंचेचाळीस ते साठ टक्क्यांपर्यंत गेले. अडवाणी यांनाही बालपणी पोलिओ झाला होता आणि चाकांच्या खुर्चीवरून त्यांनी ही रुग्णसेवा केली, हा योगायोग येथे सहज आठवतो.

तरीही जगाचे चित्र विषम आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक बरी होतात. अनेक गरीब देशांत हे प्रमाण तीस टक्क्यांच्याही खाली आहे. रोग तोच, औषधे बहुतांशी तीच. मग मधली पन्नास मुले कोठे जातात? ती निदानाच्या विलंबात जातात. ती अर्धवट सोडलेल्या उपचारात जातात. ती प्रवासखर्चात, बुडालेल्या मजुरीत, कुपोषणात आणि भगताच्या अंगाऱ्यात जातात. जो रोग बरा होऊ शकतो, तो ज्या मुलात बरा होत नाही, तेथे कारण शोधायला रोगाच्या पलीकडे, समाजाच्या रचनेत जावे लागते. पिंकेल यांनी मेम्फिसमध्ये नेमके हेच ओळखले होते.

निवासी शाळेत शिकविताना आम्हा शिक्षकांच्या सहवासात मुले वर्षातील बहुतेक दिवस असतात. दोन-तीन आठवडे न हटणारा ताप, वाढता फिकटपणा, मार न लागता उठणारे निळे डाग, हिरड्यांतून रक्त, मानेत किंवा काखेत गाठी, रात्री रडविणारी हाडांची दुखणी, ही लक्षणे दिसली तर आधी रक्ताची साधी तपासणी करून घ्यावी. बहुतेक वेळा कारण किरकोळच निघेल. पण जेव्हा ते किरकोळ नसेल, तेव्हा लवकर कळल्याने मूल वाचू शकते.

आणि उपचार सुरू झाल्यावर सर्वांत मोठा धोका असतो तो मूल बरे दिसू लागल्यानंतरचा. केस परत येतात, मूल खेळू लागते, घरी शेतीची कामे खोळंबलेली असतात, आणि पालक म्हणतात, आता पुरे. पिंकेल यांच्या संपूर्ण संशोधनाचे सार असे आहे की, रोग दिसेनासा होणे म्हणजे रोग संपणे नव्हे. दोन-तीन वर्षांचा उपचार शेवटच्या गोळीपर्यंत पुरा करावा लागतो. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली पात्र कुटुंबांना कर्करोगाच्या उपचारांसाठी साहाय्य मिळते. मोठ्या रुग्णालयांत समाजसेवा विभाग असतो. पण नांदेड, वाशीम वा गोंदियाकडून मुंबई-नागपूरला प्रथमच जाणाऱ्या बापाला कोणत्या खिडकीशी उभे राहायचे, कोणता कागद लागतो, रात्री कोठे राहायचे, हे ठाऊक नसते.

येथे आपल्या माजी विद्यार्थ्यांना काम आहे. त्यांच्यापैकी काही परिचारिका झाल्या, काही प्रयोगशाळेत आहेत, काही शासकीय कार्यालयांत आणि काही वैद्यकीय महाविद्यालयांत शिकत आहेत. आपल्या तालुक्यातील अशा एखाद्या कुटुंबाच्या सोबत पहिल्या दिवशी रुग्णालयात जाणे, पुढच्या तारखेची आठवण करून देणे, मूल परतल्यावर त्याचे शाळेतील स्थान सांभाळणे, एवढे आपणापैकी प्रत्येकाला करता येण्याजोगे आहे. ज्या मुलाला उपचारामुळे एक वर्ष गमवावे लागेल, त्याची जागा त्याच्या वर्गात राखून ठेवण्याची जबाबदारी आम्ही शिक्षकांनी घ्यावी, आणि तो परत येणारच आहे असे त्याच्या वर्गमित्रांना सांगावे.